वेळ संपली म्हणालात

मॅडम,
तुम्ही वेळ संपली म्हणालात
आणि वाचनालयाच्या शिपायानं पंखे बंद केले.
माझा हात वर होता, शेवटच्या रांगेत.
नखात ग्रीस, म्हणून अर्धाच वर.
तेव्हा हे लिहून देतोय, जॉब कार्डाच्या पाठीवर.

मी बाबगोंडा मगदूम. उद्यमनगरात लेथवर.
एकतीस वर्षं लोखंड गोल करतोय.
केसाइतकं चुकलं तरी पार्टी माल परत पाठवते.
तुम्ही म्हणालात, विश्वाचं वय तेराशे ऐंशी कोटी वर्षं,
दोन-चार कोटी इकडंतिकडं.
एवढा टॉलरन्स कुणी पास केला?

आणि सेंटर कुठंच नाही म्हणालात,
किंवा सगळीकडं आहे.
व्हय, पण सेंटर न काढता जॉब धरायचा कसा?
फिरत्या शाफ्टच्या तोंडावर मी टूल नेत नेत
अगदी मधोमध नेलंय.
शेवटाला एक टोक उरतं, मोहरीच्या पावपट,
ते फिरतंय का थांबलंय, चष्मा लावूनही कळत नाही.
तुमची सुरुवात तसली काही होती का?

सगळं पसरतंय, हे ऐकून त्या रात्री झोप नाही.
पट्टीपण वाढली, जॉबपण वाढला,
मग चूक सापडायची कशी?
सकाळी आधी व्हर्नियर काढला. शाफ्ट पन्नास.
पुसून परत मोजला. पन्नास.
मग आठवलं, तुम्हीच म्हणाला होता:
जे घट्ट बांधलंय ते ताणत नाही.
दीर्घिका जागच्या जागी,
मधली जागा तेवढी वाढत जाते.

हे मला हॉलमध्येच पटलं होतं, लगेच.
आमचा तवनाप्पा, धाकटा.
त्याचा लेथ तिथंच, माझा इथंच,
बोल्ट आमच्या आप्पांनी आवळलेले, अजून हलले नाहीत.
मधे फक्त पत्रा आला.
भांडण म्हणावं तर तेही नाही.
पत्र्यापलीकडून त्याच्या मशीनचा आवाज येतो,
बेअरिंग गेलंय, मला कळतं.
सांगायला जायचं म्हटलं तर
बारा फुटांचं अंतर, संपत नाही.

असो. हे प्रश्नात धरू नका.

भट्टीवर इर्शाद शिकलगार आहे, तो रंगावरून ताप सांगतो.
लाल, मग नारिंगी, मग पांढरं, की ओत.
त्याला म्हटलं, आभाळात निळे तारे असतात, पांढऱ्याहून तापलेले.
तो म्हणाला, निळं होईपर्यंत भट्टी राहील काय बे?
आणि तारा पोटात लोखंड करायला लागला
की त्याचं भरत आलं, हे खरं का?
म्हणजे माझ्या पायाखालचा हा बुरादा
एखाद्या ताऱ्याचं शेवटचं काम?
भंगारवाला किलोवर नेतो. त्याला सांगितलं नाही,
भाव वाढवून मागतोय म्हणाला असता.

आणि एक.
किरणोत्सवाला आम्ही देवळात उभे होतो,
सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडं.
ऊन अंबाबाईच्या पायांशी आलं, लोक "आलं, आलं" म्हणाले.
पण ते ऊन सूर्यावरून निघालं
तेव्हा मी बाहेर चप्पल ठेवायला जागा शोधत होतो.
मग "आत्ता" नक्की कुठली, मॅडम?
त्याची की माझी?
आणि घड्याळं सगळ्यांची वेगळी असतील
तर त्या शिपायानं पंखे
कुणाच्या वेळेनं बंद केले?

घाई नाही.
सोमवारी उद्यमनगर बंद असतं, मी असतो.
चहा टपरीवरून मागवतो, खुर्ची पुसून ठेवीन.
कोपऱ्यावर विचारलंत तर दोन मगदूम सांगतील.
पत्र्याच्या अलीकडचा मी.
चुकून पलीकडं गेलात
तर त्याला बेअरिंगचं तेवढं सांगा.